सगळ्यात छोटा कफ? नको!

नवजात बाळाचा रक्तदाब मोजताना ‘बाळ एवढंसं, मग सगळ्यात छोटा कफ (दंडाला बांधायचा हवेचा पट्टा) लावा’ हा समज चुकीचा आहे. अरुंद कफ रक्तदाब खोटाच जास्त दाखवतो, फार रुंद कफ कमी.

आधी दंडाचा घेर मोजा. कफची रुंदी त्याच्या साधारण निम्मी हवी. घेर १० सेंमी असेल तर ४.५ ते ५.५ सेंमी. वजनावरून अंदाज बांधू नका.

उजवा दंडच घ्या. महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) अरुंद असल्यास पायांतला दाब कमी येतो, कधी डाव्या हातातलाही. दूध पाजल्यावर दीड तास जाऊ द्या. कफ बांधून १५ मिनिटं थांबा, बाळ झोपलेलं किंवा शांत असावं. रडताना आलेला आकडा सरळ सोडून द्या. दोन-दोन मिनिटांनी तीनदा मोजा. ऑसिलोमेट्रिक यंत्र (कफमधल्या दाबाच्या कंपनांवरून मोजणारं स्वयंचलित यंत्र) प्रत्यक्ष टिपतं तो सरासरी दाब, वरचा-खालचा आकडा गणिताने काढतं.