अग्रक्रमाच्या सागरी स्थळांची निवड (गोवा)

सागरी जीवसृष्टी राखण्यासाठी पैसा, माणसे आणि कायद्याचे बळ आधी कुठे लावायचे, हे ठरवण्याच्या पद्धतीला अग्रक्रम-स्थळांची निवड म्हणतात. जैवविविधता करारातील देशांनी 2008 मध्ये त्यासाठी सात निकष स्वीकारले: दुर्मिळता, जीवनचक्रातले महत्त्व, संकटग्रस्त प्रजातींचा वावर, नाजूकपणा, उत्पादकता, विविधता आणि नैसर्गिकता. भारतात किनारी आणि सागरी मिळून 106 महत्त्वाची स्थळे निश्चित झाली; त्यांतली 62 पश्चिम किनाऱ्यावर आहेत.

निकषांवर फारसा वाद होत नाही. घोळ होतो तो गुणांची बेरीज करताना. जिथे प्रजाती जास्त ती जागा पहिली, असा क्रम लावला की मुरगावजवळच्या ग्रांदे बेटाभोवतीचे खडक आणि प्रवाळ वर येतात आणि त्यांच्या पाठोपाठ तसलेच दुसरे खडक. जुवारी नदीवरच्या चिखलीच्या उपसागरातला गाळ यादीत तळाला जातो. गोव्याच्या जुन्या घरांत खिडक्यांना काचेऐवजी ज्याचे पातळ शिंपले बसवत, तो जीव तर याच गाळात वाढतो. म्हणून नवी जागा निवडताना ती एकटी किती श्रीमंत आहे यापेक्षा आधीच्या यादीत नसलेले ती काय देते, हे पाहायचे. याला पूरकता म्हणतात आणि साऱ्या पद्धतीचा कणा हाच आहे.

दुसरी अडचण माहितीची. पाणबुडे जिथे उतरतात आणि डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्या जिथे फिरतात तिथल्याच नोंदी भरपूर असतात. नकाशावरचा रिकामा चौकोन बहुतेक वेळा न पाहिलेला असतो, जीवहीन नव्हे. गाळाच्या तळासाठी 0.1 चौ.मी.चा पंजा (तळाचा गाळ उचलणारे यंत्र) टाकून प्रत्येक ठिकाणी किमान तीन नमुने घ्यावेत आणि 0.5 मि.मी.च्या चाळणीतून धुवावेत. 1 मि.मी.ची चाळणी वापरली तर बारीक कृमी निसटतात आणि गाळ उगाच गरीब ठरतो. खडकाळ किनारा अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला, अर्ध्या मीटरची चौकट ठेवून मोजतात. कासवांसाठी वाळूवरचे माग पहाटे, माणसांची वर्दळ सुरू होण्याआधी पाहावे लागतात. ऋतूही महत्त्वाचा: पावसाळ्याच्या अखेरीस गोव्याच्या उथळ समुद्रात तळाचे पाणी ऑक्सिजनला पारखे होते. फक्त जानेवारीत घेतलेले नमुने या ताणाविषयी काहीच सांगत नाहीत.

पुढचे काम संगणकावर होते. त्यासाठी मार्क्सन ही प्रणाली सर्रास वापरतात. समुद्राचे तुकडे पाडायचे (नदीमुखात लहान, खोल पाण्यात मोठे), प्रत्येक अधिवासासाठी उद्दिष्ट द्यायचे, समजा 30 टक्के, आणि कमीत कमी किमतीत ते गाठणारे तुकड्यांचे संच शोधायला सांगायचे. अशा शंभर फेऱ्यांत जो तुकडा जवळजवळ दर वेळी निवडला जातो, त्याला पर्याय कमी, असे समजावे. उद्दिष्ट चुकल्याचा दंड कमी ठेवला तर दुर्मिळ अधिवास सरळ गळतो. हद्दीच्या लांबीला फार वजन दिले तर सगळी निवड एकाच मोठ्या ठोकळ्यात गोळा होते. सर्वांत महागात पडणारी चूक ‘किंमत’ म्हणून नुसते क्षेत्रफळ धरण्याची. मग किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणाऱ्या रापणकारांची ओढ जिथे चालते ती पट्टी आणि बायका जिथे तिसऱ्या (खाण्याच्या शिंपल्या) काढतात ते तट संगणकाला स्वस्त वाटतात. ही माहिती कुठल्याही उपग्रहचित्रात नसते. ती मासेमारांसोबत बसून, कुठल्या महिन्यात कोण कुठे जाळे टाकतो ते नकाशावर मांडूनच मिळते.

मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचे किनारे 2011 च्या किनारी नियमन अधिसूचनेत नावानिशी आले. इथे वाळूच ठरावीक जागी राहत नाही. मोरजीच्या दक्षिण टोकाला शापोरा नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा सरकतो, त्यामुळे सर्व्हे नंबरवर आखलेली हद्द काही वर्षांत घरट्यांपासून सुटू शकते. अशा ठिकाणी हद्द भरतीरेषेपासूनच्या अंतराने सांगावी आणि दर विणीच्या हंगामाआधी, ऑक्टोबरात, पुन्हा मोजावी.