नदीतलं पाकट काचेच्या टाकीत

मत्स्यालयाच्या दुकानात बशीएवढं, अंगभर नारिंगी ठिपक्यांचं पाकट (स्टिंगरे नावाचा चपटा मासा) काचेला पोट लावून वर सरकताना दिसलं की पाय तिथेच थबकतात. किंमत विचारली जाते आणि पुष्कळदा ते पिल्लू घरीही येतं. माझं म्हणणं असं, की किमतीच्या आधी त्या प्राण्याच्या शरीराची घडण समजून घ्यावी. टाकीतल्या बहुतेक अडचणींचं मूळ तिथेच आहे.

कोकणात पाकट सगळ्यांच्या ओळखीचं, पण ते समुद्रातलं. दुकानात बहुधा मिळतं ते 'मोटोरो', ॲमेझॉन, ओरिनोको आणि पाराना नद्यांच्या खोऱ्यांतलं. समुद्रातली पाकटं आणि मुशी रक्तात युरिया साठवून ठेवतात. त्यामुळे खाऱ्या पाण्यातही त्यांच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जात नाही. मोटोरोचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रातून दक्षिण अमेरिकेच्या नद्यांत आले. गोड्या पाण्यात युरिया साठवण्याची गरजच नव्हती, आणि हळूहळू ती क्षमताही गेली. आज या पाकटांना खारं पाणी दिलं तरी ती पूर्वीसारखा युरिया साठवू शकत नाहीत. अन्नातल्या प्रथिनांचा नको असलेला नायट्रोजन ती मुख्यतः अमोनियाच्या रूपात पाण्यात सोडतात.

ॲमेझॉनसारख्या अफाट नदीत हा अमोनिया कुठल्या कुठे विरून जातो. टाकीत तो तिथेच राहतो. त्यात पाकट खादाड. गांडुळं, कोळंबी असा प्रथिनांनी भरलेला आहार त्याला रोज लागतो. फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात, पण त्यांची वस्ती जमायला काही आठवडे जातात. नवी टाकी भरून त्याच संध्याकाळी पाकट सोडणं म्हणजे त्याला विषात सोडणं. पाण्याचा पीएच, म्हणजे अल्कधर्मीपणा, जितका जास्त, तितका अमोनिया अधिक घातक. म्हणून दख्खनच्या पठारावर बोअरचं, बहुधा जास्त पीएचचं पाणी वापरणाऱ्यांनी तर अमोनियाची चाचणी टाळूच नये. नळाचं पाणी असेल तर त्यातला क्लोरीन आधी काढलाच पाहिजे.

तब्येत बघायची तर चकतीची, म्हणजे त्याच्या गोल चपट्या अंगाची, कड बघा. निरोगी पाकट वाळूवर सपाट पसरतं. डोळ्यांच्या मागची दोन भोकं संथपणे उघडझाप करत असतात. तोंड खालच्या बाजूला असल्यामुळे श्वासाचं पाणी ते या भोकांतून वरून आत घेतं आणि पोटाकडच्या कल्ल्यांच्या फटींतून बाहेर सोडतं. कड वर वळून राहिली तर प्रकृती गंभीर आहे असं समजावं आणि लगेच पाणी तपासावं. तळाला बारीक वाळूच हवी, कारण टोकदार खडीने पोट सोलवटतं. हीटरवर जाळी बसवा; पाकट त्याला चिकटून पडतं आणि भाजतं. तांबं असलेली औषधं तर या टाकीत घालूच नयेत.

शेपटीवरचा काटा करवतीसारखा दातेरी असतो आणि त्यावरच्या आवरणात विष असतं. काटा लागला तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवतात, कारण हे विष उष्णतेने निकामी होतं. पण पुढे डॉक्टरांकडे जायलाच हवं. काट्याचा तुकडा आत राहू शकतो.

मोटोरोची चकती अर्धा मीटरच्याही पुढे वाढते. पाण्याच्या खोलीपेक्षा तळाची जागा महत्त्वाची. आठ फूट लांब, चार फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकी घेतली तर ती साधारण 1,800 लिटरची होते, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन पावणेदोन टनांच्या वर. फ्लॅटच्या दिवाणखान्यात हे जमणारं नाही, आणि जमत नसेल तर हे पाकट पाळू नये, असं मला स्पष्ट वाटतं. जागा अपुरी पडली की काही लोक मासे तलावात सोडून देतात. सिंगापूरच्या जलाशयांत मोटोरोने असंच बस्तान बसवलंय. आपल्याकडे उजनीच्या पाण्यात पसरलेला सकर मासाही मूळचा शोभेच्या टाक्यांतलाच.

काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेलं 'लिओपोल्डी' जातीचं पाकट ब्राझीलच्या शिंगू नदीच्या खोऱ्याबाहेर निसर्गात कुठेच नाही. त्याच नदीवर बेलो मोंटे हे प्रचंड धरण उभं राहिलंय. 2022 साली पनामातल्या परिषदेत लिओपोल्डीसह नदीतल्या पाकटांच्या सात जाती सायटीस या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आल्या, म्हणजे त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाना लागतो. त्याच वर्षी भारताच्या वन्यजीव कायद्यातही दुरुस्ती झाली आणि अशा परदेशी जिवंत प्राण्यांच्या नोंदणीची तरतूद आली. त्यामुळे पैसे देण्याआधी दुकानदाराकडून पाकटाची नेमकी जात आणि आयातीची किंवा पैदाशीची कागदपत्रं मागा. ती मिळाली नाहीत तर पाकट घेऊ नका.