सागरी नकाशाचे शून्य आणि स्थलदर्शक नकाशाचे शून्य

होऊन गेलेली त्सुनामी संगणकावर पुन्हा उभी करायची, तर समुद्रतळ आणि किनारा त्या काळचेच घ्यावे लागतात. अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील क्रेसंट सिटीत १९६४ साली शिरलेली लाट आजच्या नकाशावर चालवली, तर १९६४ नंतर तयार झालेली लहान होड्यांची गोदी तिच्या वाटेत येते. म्हणून जुनी सर्वेक्षणे शोधली जातात आणि ती बहुधा दोन कागदांवर सापडतात: एकावर पाण्याची खोली, दुसऱ्यावर जमिनीची उंची. दोन्हीकडे मोजणी शून्यापासून होते, त्यामुळे ते शून्य एकच असेल असे वाटते. प्रत्यक्षात ते एक नसते.

सागरी नकाशा जहाज हाकणाऱ्यासाठी असतो. पूर्वी दोरीला शिशाचा ओळंबा बांधून खोली फॅदममध्ये, म्हणजे सहा फुटांच्या वावांत, मोजत. ओळंबा भरतीत टाकला की ओहोटीत, यावर आकडा बदलतो. म्हणून किनाऱ्यावरील मोजपट्टीच्या नोंदींवरून प्रत्येक आकडा ओहोटीच्या ठरावीक पातळीवर आणला जाई. अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर ही पातळी म्हणजे रोजच्या दोन ओहोट्यांपैकी अधिक खालच्या ओहोटीची सरासरी. नकाशावर लिहिले आहे त्याहून कमी पाणी सहसा लागू नये, एवढाच त्यामागचा हेतू. तो जहाजासाठी अगदी योग्य आहे, पण लाटेचे गणित करणाऱ्याला अडचणीचा ठरतो.

स्थलदर्शक नकाशावरील उंची मात्र सर्वसाधारणपणे सरासरी समुद्रसपाटीपासून मोजलेली असते. क्रेसंट सिटीत ही सपाटी सागरी नकाशाच्या शून्याहून सुमारे १.१ मीटर वर आहे. समजा, किनाऱ्यालगत सागरी नकाशावर ३ मीटर खोली आणि शेजारच्या बांधाची उंची २ मीटर दिली आहे. कागद नुसते जोडले, तर तळ आणि बांध यांत ५ मीटरचे अंतर दिसते. खरे अंतर ६.१ मीटर असते.

चार हजार मीटर खोल पाण्यात एवढ्या फरकाने काहीच बिघडत नाही. तिथे लाट ताशी सुमारे ७१० किलोमीटर वेगाने जाते आणि एखाद्या मीटरची तिला दखलही नसते. उथळ पाण्यात मात्र वेग खोलीच्या वर्गमुळावर ठरत असल्याने, ३ मीटरऐवजी ४.१ मीटर पाणी धरताच तो सुमारे १७ टक्क्यांनी वाढतो, आणि लाट किती उंचावेल याचे उत्तरही बदलते.

दोन्ही शून्ये जुळवली, तरी त्या रात्री पाणी कुठे होते हे वेगळेच पाहावे लागते. अलास्कातील २७ मार्च १९६४ च्या भूकंपानंतर क्रेसंट सिटीत आलेली चौथी लाट सर्वांत मोठी होती, आणि ती मध्यरात्रीनंतर, भरतीच्या सुमारास पोहोचली. तिथली सरासरी भरती समुद्रसपाटीहून सुमारे पाऊण मीटर वर असते. म्हणजे वरच्या उदाहरणातला २ मीटरचा बांध अशा वेळी पाण्याबाहेर जेमतेम सव्वा मीटर उरतो.

त्यात आणखी एक गोम आहे. किनाऱ्याच्या जुन्या सर्वेक्षणांत काठाची रेषा सहसा भरतीच्या पाण्याची असते, तर खोलीचे शून्य ओहोटीचे. या दोहोंमधल्या पट्ट्यात ना खोली नोंदलेली असते, ना उंची. तेथील उतार दोन्ही बाजूंच्या आकड्यांवरून अंदाजाने भरावा लागतो, आणि लाट जमिनीवर चढते ती नेमकी याच पट्ट्यातून.