काळी गिट्टी आणि एक्स-रेची खोली

“आपल्या काळ्या दगडाची गिट्टी घाला, किरणं भिंतीबाहेर जातच नाहीत.” लातूर-बीडकडे एक्स-रेची खोली बांधताना हे हमखास ऐकू येतं. रंगाचा यात काडीचाही संबंध नाही.

आपली गिट्टी बेसॉल्टची. तिच्या काँक्रीटचं वजन घनमीटरला साधारण २,४०० ते २,५०० किलो, म्हणजे नेहमीचंच. गॅमा किरणं (एक्स-रेच्याच जातीची, पण सहसा जास्त भेदक) अडतात ती मुख्यतः घनतेवर आणि जाडीवर. कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी पदार्थाच्या गॅमा किरणांचा मारा निम्म्यावर आणायला साध्या काँक्रीटचे सुमारे ६ सेंटिमीटर लागतात. पुढच्या ६ मध्ये उरलेल्याचा निम्मा. मारा असा घटत जातो, एकदम शून्य होत नाही.

गिट्टी म्हणून बॅराइट किंवा मॅग्नेटाइट ही जड खनिजं घातली की काँक्रीट ३,५०० किलोच्या आसपास जातं आणि भिंत पातळ चालते. (बॅराइटचा पांढुरका खडा हातात घ्या, आकाराच्या मानाने भलताच जड लागतो.) एक्स-रे अडवायला बॅराइटमधलं बेरियम आणखी कामाचं.

अणुभट्टीसारख्या ठिकाणी निघणाऱ्या न्यूट्रॉन कणांचं गणित वेगळं. तिथे हायड्रोजन हवा, म्हणून सर्पेंटाइनसारखी अंगात पाणी धरलेली खनिजं वापरतात.

आणि गिट्टी कुठलीही असो, भरताना व्हायब्रेटर नीट फिरला नाही, पोकळ्या राहिल्या, की किरणांना तिथूनच वाट मिळते.