सप्तरंगी म्हणजे नक्की कुठलं झाड? शुगरच्या मुळ्यांची पार्श्वभूमी

कोल्हापुरात कुणाला शुगर निघाली की आठ दिवसांत पाव्हण्यांपैकी कुणीतरी सप्तरंगीची, म्हणजे शुगरवर देतात त्या मुळीची, पुडी घेऊन येतंच. मुळीचा आडवा काप बघितला तर लालसर-तपकिरी गोल कडी दिसतात, एकात एक, त्यावरनंच नाव पडलं म्हणतात. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांतलं शुगरचं वर्णन, लघवीला मुंग्या लागण्याची खूण वगैरे सगळ्यांना पाठ आहे, ते सोडतो.

मेटफॉर्मिन या शुगरच्या नेहमीच्या गोळीबद्दल मात्र थोडं सांगायला पाहिजे, कारण "ती पण वनस्पतीच की" असं हल्ली सारखं कानावर येतं. तर युरोपात गॅलेगा नावाचं एक झुडूप आहे, त्यात ग्वानिडीन जातीची द्रव्यं असतात, आणि ग्वानिडीननं जनावरांची शुगर उतरते हे 1918 मध्ये दिसलं. मेटफॉर्मिन 1922 ला प्रयोगशाळेत तयार झालं, पण तेव्हा सगळ्यांचं लक्ष नव्या इन्सुलिनकडं, त्यामुळं पेशंटला द्यायला 1957 उजाडलं. म्हणजे धागा वनस्पतीचा, गोळी कारखान्यातली.

आता खरा गुंता. सप्तरंगी या नावानं दोन वेगळी झाडं चालतात. एक सलॅशिया, वेलीसारखं चढणारं, आणि दुसरं कॅसेरिया एस्कुलेंटा. दोघांचं कूळ वेगळं, मुळीतली द्रव्यंही वेगळी, पण दुकानात बरणी एकच. जुन्या लिखाणात कोण एकाला खरी सप्तरंगी म्हणतंय, कोण दुसऱ्याला, आणि एकमत कधी झालंच नाही. महाद्वार रोडच्या बाजूला एका काष्ठौषधीच्या दुकानात मी विचारलं, यातली कुठली, तर उत्तर आलं, "शुगरची हाय, न्या बिनघोर."

हा नुसता नावाचा वाद असता तर सोडून दिला असता. पण 1997 मध्ये जपानी संशोधकांनी श्रीलंकेकडच्या सलॅशियातून सॅलसिनॉल वेगळं काढलं, ते आतड्यातल्या साखर फोडणाऱ्या एन्झाइमला अडवतं, म्हणजे भात-भाकरीची साखर रक्तात सावकाश उतरते, अॅकार्बोज आणि व्होग्लिबोज या शुगरच्या गोळ्यांचं काम तेच. तिथनं पुढं आपल्याकडं प्रत्येक पुडीवर "संशोधनानं सिद्ध" आलं, मग आत कॅसेरियाची मुळी का असेना. कॅसेरियावरही प्रयोग झालेत, पण बरेचसे उंदरांवर. एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या नावावर खपवायचा हा प्रकार मला तरी पटत नाही. शिवाय मूळ खणलं की वेल गेली, ते वेगळंच.

बिबळ्याच्या लाकडाचा पेला, ज्यात रात्रभर ठेवलेलं पाणी शुगरवर पितात, त्याचं त्यामानानं बरं. झाड कुठलं याचा घोळ नाही आणि 1998 मध्ये देशातल्या एका मोठ्या संस्थेनं त्याची माणसांवर चाचणीही छापली, पण तुलनेला दुसरा गट नव्हता.

वजनाच्या बाबतीत हवा झाली ती गार्सिनियाची, आपल्या कोकमाच्या भावंडाची. दोन्हींच्या फळांच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक अॅसिड असतं, त्यानं वजन उतरतं म्हणून कॅप्सूल विकतात. 1998 मध्येच अमेरिकेत 135 जणांवर 12 आठवडे चाचणी झाली, आत औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा जास्त काही हाती लागलं नाही, तरी कॅप्सूल आजपण खपतात. सोलकढी चवीसाठी प्या.

2025 पासून आपल्याकडं वजन उतरवायची नवी इंजेक्शनं आली, पण त्यामुळं पुड्यांचा धंदा काही कमी होईल असं वाटत नाही. पुडी बंद करा म्हणत नाही, पण डॉक्टरला सांगून घ्या. शुगर पाडणाऱ्या गोळीबरोबर व्होग्लिबोज चालू असताना शुगर एकदम उतरली, घाम फुटला, हात कापायला लागले, तर आपण काय करतो, गुळाचा खडा तोंडात टाकतो. पण गूळ काय, साखर काय, ती फोडायचं एन्झाइमच अडवलेलं असतं, त्यामुळं असर उशिरा होतो. तिथं ग्लुकोज पावडरच लागते, आणि पुडीत खरी सलॅशिया असली तर तिलाही हाच हिशेब लावायचा.