मध्यान्ह (मुंबई)

सूर्य स्थानिक याम्योत्तर वृत्तावर (आकाशात डोक्यावरून जाणाऱ्या दक्षिणोत्तर वर्तुळावर) येण्याचा क्षण. मुंबईत (सु. ७२° ५०′ पूर्व) तो प्रमाणवेळेच्या बाराला कधीच येत नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२° ३०′ पूर्व रेखांशाची आहे. दर अंशाला ४ मिनिटे या हिशेबाने मुंबईचा सरासरी मध्यान्ह सु. १२.३९ ला पडतो.

ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वीची एक फेरी २३ ता. ५६ मि. ४ से. त पुरी होते. तेवढ्यात ती कक्षेत सु. १° पुढे गेलेली असते, म्हणून सूर्य पुन्हा याम्योत्तरावर येण्यास आणखी सु. ४ मिनिटे लागतात. ही भर रोज सारखी नसते : कक्षा लंबवर्तुळाकार असून जानेवारीच्या आरंभी पृथ्वीचा वेग सर्वाधिक असतो, शिवाय अक्ष २३° २६′ कललेला आहे. साठत जाणाऱ्या या फरकास कालसमीकरण म्हणतात. त्यामुळे मध्यान्ह फेब्रुवारीच्या मध्यास सु. १२.५३, तर नोव्हेंबरच्या आरंभी सु. १२.२२ ला होतो. सर्वांत लहान दिवस (सु. ११ तास) २१-२२ डिसेंबरचा, तरी सूर्य सर्वांत लवकर मावळतो तो नोव्हेंबरअखेरीस.

प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. ग्रिनिचच्या ४ ता. ५१ मि. पुढे असलेली ‘मुंबई वेळ’ मात्र शहरात त्यानंतरही टिकली. त्याआधी १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मद्रास वेळ लादण्याचा केलेला प्रयत्न विरोधामुळे सोडून द्यावा लागला होता. मुंबई वेळेचा शेवट बहुधा १९५५ मध्ये धरतात. १९५० असेही मत आहे. महापालिकेच्या निर्णयापुरते दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, व्यवहारातील वापर एकदम थांबला असण्याचा संभव कमीच.

वेध : सपाट गच्चीवर १ मी. उंचीचा शंकू (छाया मोजण्याची सरळ काठी) ओळंब्याने उभा करावा, त्याभोवती वर्तुळ काढावे. सकाळी छायेचे टोक वर्तुळाच्या आत शिरते व दुपारी बाहेर पडते, ते दोन्ही बिंदू खुणावून मधला कोन दुभागल्यास दक्षिणोत्तर रेषा मिळते. छाया तिच्यावर आली की मध्यान्ह. डिसेंबरअखेरीस ती सु. ९१ सेंमी. भरते. सूर्यबिंब सु. अर्ध्या अंशाचे असल्याने टोक दीडेक सेंटिमीटर धूसर दिसते. शंकूच्या माथ्यावर बारीक भोकाची चकती बसवून पडणाऱ्या प्रकाशठिपक्याचा मध्य घ्यावा. शंकू किंचित कलला तरी रेषा चुकते. मेच्या मध्यास सूर्य डोक्यावर येऊन छाया नाहीशी होते, पुढे जुलैअखेरपर्यंत ती मध्यान्ही दक्षिणेस पडते. या काळात ती फार आखूड असल्याने रेषा हिवाळ्यातच आखून ठेवावी. जुलैअखेरची शून्यछाया पावसाळी ढगांमुळे क्वचितच दिसते.