मुलांचे प्रायोगिक छायाचित्रण

कॅमेरा, प्रकाश किंवा प्रकाशसंवेदी कागद यांचा ठरलेल्या रीतीबाहेर वापर करून मुलांनी चित्रे घडवण्याच्या उपक्रमाला प्रायोगिक छायाचित्रण म्हणतात. कॅमेऱ्याविना केलेले फोटोग्राम, सायनोटाइप, भिंगाऐवजी सुईएवढे छिद्र असलेला सूचिछिद्र कॅमेरा, अंधारात टॉर्चने काढलेली प्रकाशचित्रे आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याला मुद्दाम चकवून टिपलेले फोटो, हे सारे यात येते. नेहमीच्या फोटोग्राफीच्या वर्गात फोटो कसा यायला हवा हे आधीच ठरलेले असते. इथे ते शिकवणाऱ्यालाही ठाऊक नसते. ‘मला चित्र काढता येत नाही’ म्हणून कागद कोरा ठेवणारे मूल इथे सहसा अडून बसत नाही, कारण हाताच्या सफाईचा प्रश्नच येत नाही.

लहान मुलांसाठी सर्वांत सोयीचा प्रकार सायनोटाइपचा. जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये तो शोधला आणि पुढच्याच वर्षापासून ॲना ॲटकिन्स या वनस्पतिअभ्यासक बाईंनी समुद्रशैवालांच्या निळ्या छापांचे भाग प्रसिद्ध करायला सुरुवात केली. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरीसायनाइड यांचे मिश्रण कागदाला लावून तो अंधारात वाळवतात. पिवळट हिरव्या दिसणाऱ्या या कागदावर वस्तू ठेवून तो उन्हात धरला की उघड्या भागात अतिनील किरणांमुळे प्रशियन निळा रंग तयार होतो. झाकलेल्या भागातले द्रावण पाण्याने धुऊन जाते आणि तिथे पांढरी आकृती उरते. डार्करूम लागत नाही, चित्र उमटवणारे विकासक रसायनही लागत नाही. द्रावण मोठ्यांनीच तयार करावे, हातमोजे घालावेत आणि फेरीसायनाइड तीव्र आम्लाजवळ किंवा जास्त उष्णतेजवळ नेऊ नये, कारण त्यातून विषारी वायू सुटू शकतो. आयता लेप दिलेला कागद मिळतो, तो घेतला तर हा व्याप वाचतो.

खरी गंमत कागदावर काय ठेवायचे इथे सुरू होते. पहिल्या खेपेला मुले पान ठेवतात आणि पानाची आकृती मिळवतात. पान कागदाला टेकले तिथे कडा धारदार येते, जरा उचललेले राहिले तिथे धूसर. हे एकदा ध्यानात आले की दुसऱ्या खेपेला ती पान मुद्दाम वाकवतात. काचेचा पेला ठेवला तर काच प्रकाश वाकवते आणि कागदावर पेल्याऐवजी विचित्र वळणांच्या रेघा उमटतात. स्वतःचा हात ठेवण्याचा मोह तर सर्वांनाच होतो. पण दहा-पंधरा मिनिटे हात निश्चल राहत नाही, म्हणून बोटांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात. त्या धूसरपणात किती वेळ गेला हेच छापलेले असते, आणि ते मुलांना सांगावे लागत नाही.

प्रकाशचित्रासाठी अंधारी खोली, स्थिर ठेवलेला कॅमेरा, काही सेकंद उघडे राहणारे शटर आणि एक टॉर्च एवढे पुरते. छायाचित्रकार ग्योन मिली यांनी १९४९ मध्ये पाब्लो पिकासो यांना असेच हवेत चित्र काढताना टिपले होते. मुलांना मात्र आधी स्वतःचे नाव लिहायचे असते. ते फोटोत उलटे उमटते, कारण कॅमेरा समोरून पाहत असतो. शिवाय दोन अक्षरांमध्ये टॉर्च विझवली नाही तर सगळा गुंता होतो आणि शिरोरेषा ओढताना हात कुठवर आला याचा अंदाज राहत नाही. हा घोळ निस्तरण्यासाठी मुले ज्या युक्त्या काढतात, त्या मला तरी अंतिम फोटोपेक्षा मोलाच्या वाटतात.

बिघडलेल्या फोटोचे एक प्रसिद्ध उदाहरण फ्रान्सच्या झाक आंरी लार्तिग यांचे. सात-आठ वर्षांचे असताना त्यांच्या हाती कॅमेरा आला आणि पोरवयातच ते उड्या मारणारी माणसे, शर्यतीच्या मोटारी टिपू लागले. धावत्या मोटारीमागे कॅमेरा फिरवत काढलेल्या एका फोटोत चाके पुढे कललेली आणि लंबगोल दिसतात, तर प्रेक्षक मागे झुकलेले. शटरची फट फोटो उमटण्याच्या काचपट्टीवरून सरकेपर्यंत मोटारही सरकली, म्हणून हे घडले. सुरुवातीला फसलेला मानला गेलेला हा फोटो पुढे वेगाचे प्रतीक ठरला. मोबाइलचा कॅमेराही चित्र ओळीओळीने वाचतो, त्यामुळे चालत्या वाहनातून टिपलेले खांब तिरके येतात. पॅनोरामा घेताना समोरचे माणूस हलले तर त्याला तीन हात फुटू शकतात. दोष कसा होतो हे कळले की तो हवा तेव्हा घडवता येतो.

सूचिछिद्र कॅमेऱ्यासाठी आतून काळा रंगवलेला डबा, फोटोचा कागद आणि छिद्र पुरते. छिद्र आणि कागद यांत १० सेंटिमीटर अंतर असेल तर छिद्राचा व्यास ०.४ मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. एक्स्पोजर, म्हणजे कागदावर प्रकाश पडू देण्याचा वेळ, लांबलचक असतो, म्हणून रस्त्याने चालणारी माणसे फोटोतून नाहीशी होतात. बिअरच्या कॅनचा केलेला असाच एक कॅमेरा इंग्लंडमधील हर्टफर्डशायर विद्यापीठाच्या वेधशाळेत २०१२ पासून आठ वर्षे विसरला गेला होता. २०२० मध्ये सापडला तेव्हा आतल्या कागदावर सूर्याच्या मार्गाच्या २,९५३ कमानी उमटलेल्या होत्या.

या क्षेत्रात अमेरिकी छायाचित्रकार वेंडी इवाल्ड यांचे नाव घ्यायला हवे. १९७० च्या दशकात केंटकीच्या डोंगराळ भागातल्या मुलांना कॅमेरे देऊन त्यांनी स्वतःचे, घरच्यांचे, जनावरांचे आणि स्वप्नांचे फोटो काढायला सांगितले. यातला स्वप्नांचा विषय फार चतुर आहे. स्वप्न समोर सापडत नाही. ते मांडावे लागते, त्यासाठी कोणाला तरी झाडावर चढवावे लागते, कोणाला तरी जमिनीवर आडवे पाडावे लागते. ‘तुला हवे ते काढ’ म्हटल्यावर गोंधळणारी मुले अशी नेमकी अट मिळाली की कामाला लागतात. मोठ्यांनी अट घालून बाजूला व्हावे, हे सांगायला सोपे आणि पाळायला कठीण. फोटो ‘सुधारून’ देण्याची सवय शिक्षकांपेक्षा पालकांना अधिक असते.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत संथ प्रकार ॲन्थोटाइपचा. फुलांचा किंवा भाजीचा रस कागदाला लावून त्यावर आकृती ठेवायची आणि रंग उन्हाने उडेपर्यंत, कित्येक दिवस, वाट पाहायची. हे चित्र कायम करण्याचा उपाय नाही. ते वहीत, अंधारात जपावे लागते आणि उजेडात काढून दाखवले की थोडे थोडे फिकटत जाते, त्यामुळे कोणाला दाखवायचे आणि किती वेळ, हे मूलच ठरवते.